जकार्ताच्या तळमजल्याची जंत्री

शहर खचतं तेव्हा ते खालून नाहीसं होतं. आधी पायरी जाते, मग उंबरठा, मग खिडकीची चौकट, मग अख्खा तळमजला. छपराची पाळी शेवटी येते आणि वर्तमानपत्रांतली छायाचित्रं छपराचीच येतात. म्हणून ही जंत्री खालून वर लिहिली आहे. तीत उत्तर जकार्तातल्या गोष्टी आहेत, म्हणजे डचांच्या जुन्या बटाव्हियातल्या आणि त्याला लागून असलेल्या किनारवस्तीतल्या. एक फाटा त्याच किनाऱ्यावरच्या सेमारांगला फुटला आहे. काही गोष्टी गेल्या आहेत, काही जायच्या वाटेवर आहेत, आणि एक-दोन अशा की त्या गेल्याचं कुणाला वाईट वाटू नये.

पायरी. ती दोन तऱ्हांनी जाते. खचलेल्या रस्त्यावर पाणी तुंबतं, म्हणून महापालिका भराव टाकते, वर डांबराचा थर चढवते. जुनी इमारत उथळ पायावर, भोवतीच्या मातीबरोबर खाली बसत असते. रस्ता वर, घर खाली. मधली पायरी गिळली जाते. दोन पायऱ्या चढून ज्या घरात जायचं, तिथं आधी सपाट पावलानं जावं लागतं आणि पुढं एक पायरी उतरून. गिरगावातल्या जुन्या गल्ल्यांत रस्त्यावरून खोलीत उतरावं लागतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मात्र तिथं दोष निव्वळ डांबराच्या थरांचा; इथं जमीनसुद्धा सामील आहे.

नव्या टोलेजंग इमारतींचं उलटं होतं. त्यांचे खांब मऊ थर ओलांडून खालच्या घट्ट थरापर्यंत नेलेले असतात. भोवतीचा फुटपाथ खचतो, इमारत खचत नाही. परिणामी दारापुढं मूळ आराखड्यात नसलेली एक पायरी वाढवावी लागते, काही वर्षांनी आणखी एक. एकाच शहरात जुन्या वास्तूंच्या पायऱ्या कमी होतात आणि नव्यांच्या वाढतात. खचणं मोजायला याहून स्वस्त साधन नाही.

उंबरठा. तो किनारवस्तीत टिकत नाही. मुआरा बारूसारख्या वस्तीत भरतीचं पाणी घरात शिरू लागलं की लोक जमीन उंच करतात: विटांचे तुकडे, बांधकामाचा राडारोडा, वाळू, वर सिमेंटचा कोबा. पुढच्या काही वर्षांत पुन्हा. जमीन वर येते, छप्पर तिथंच राहतं. दार आखूड करावं लागतं, खिडकी गुडघ्याला येते, पंखा काढून टाकावा लागतो, आणि एक दिवस घरातला उंच माणूस वाकून चालू लागतो. मग पैसे असतील तर छप्पर वर उचलायचं. नसतील तर तळमजला सोडून माळ्यावर राहायचं. किनाऱ्याच्या काही भागांत हिरव्या शिंपल्यांचा (गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात ते) धंदा चालतो. शिजवून, सोलून उरलेली टरफलं तिथं भरावात जातात. गरिबाची भरणी अशी ताटातून येते.

आकडा एकदाच सांगतो, कारण आकडे पुनःपुन्हा ऐकले की बधिर करतात. मुआरा बारूच्या काही भागात 1974 ते 2010 या काळात जमीन 4 मीटरहून जास्त खाली गेली. चार मीटर म्हणजे एक मजला आणि वर बरंच काही. बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेतले हसनुद्दीन अबिदीन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं जकार्ताची जमीन मोजत आले आहेत. त्यांच्या मोजण्यांत शहरात वर्षाला 1 ते 15 सेंटिमीटर असा वेग बहुतेक ठिकाणी सापडतो, काही जागी त्याहून जास्त. जगाच्या समुद्राची पातळी वर्षाला 3-4 मिलिमीटर वाढते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की जकार्ता बुडण्याचं खापर सगळं हवामानबदलावर फोडणाऱ्या भाषणांचं काय करायचं ते ठरवता येतं. समुद्र वाढतो आहे हे खरं. पण तो वाटीत पाणी वाढावं तसा वाढतो आहे आणि जकार्ता स्वतःची वाटी खाली ढकलतं आहे.

विहीर. जंत्रीतली सगळ्यात महत्त्वाची बाब ही, म्हणून इथं थोडं रेंगाळतो. डचांनी एकोणिसाव्या शतकात बटाव्हियात खोल विंधणी केली, तेव्हा पाणी उपसावं लागत नव्हतं. खालच्या थरात ते इतक्या दाबाखाली होतं की भोक पाडलं की आपोआप वर येऊन वाहू लागे. दक्षिणेच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस वाळूच्या थरांतून वर्षानुवर्षं सरकत किनाऱ्याखाली पोचलेला, वर चिकणमातीचं झाकण. तो दाब आता राहिलेला नाही. शतकभरात शहरानं इतकं पाणी ओढलं की जिथं कारंजं उडायचं तिथं पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्याही कितीतरी मीटर खाली गेली. आपोआप वाहणारी विहीर ही उत्तर जकार्तातून सगळ्यात आधी नाहीशी झालेली वस्तू. तिच्यामागून बाकी सगळं निघालं आहे.

कारण चिकणमातीच्या कणांमधलं पाणीच त्या थराला फुगवून धरत असतं. ते निघून गेलं की वरच्या शहराचं ओझं मातीच्या कणांवर पडतं, कण एकमेकांत बसतात, थर आक्रसतो. दही फडक्यात टांगून ठेवलं की पाणी निथळतं आणि मूठभर चक्का उरतो. त्या चक्क्यावर पुन्हा पाणी ओतून पहिल्याइतकं दही होत नाही. जमिनीचंही तसंच. उपसा थांबवला तर खचणं थांबवता येतं, पण गेलेले मीटर परत येत नाहीत.

भूजल हे एकच कारण आहे असं नाही. जकार्ता नदीमुखावरच्या गाळावर उभं आहे, तो गाळ आपणहून बसत असतो. वर इमारतींचं ओझं आहे. पण मुख्य गुन्हेगार कोण याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही, आणि त्याच्याच बाबतीत माणसाला काही करता येतं.

पाणीवाला. हातगाडीवर निळ्या-पिवळ्या कॅनांच्या ओळी लावून गल्लीबोळात पाणी विकणारा माणूस. तो अजून आहे, आणि असू नये. जंत्रीत घेतलेली ही एकमेव गोष्ट जिच्या नाहीसं होण्याची मी वाट पाहतो. तो आहे याचा अर्थ त्या गल्लीत नळ नाही, किंवा नळ आहे आणि त्याला पाणी नाही. उथळ विहिरींचं पाणी किनाऱ्याजवळ खारट झालेलं, खोल विंधण गरिबाला परवडत नाही. मोठी हॉटेलं, मॉल, कारखाने, कचेऱ्यांचे मनोरे खालचं गोड पाणी ओढतात. त्यांच्या ओढण्यानं जमीन बसते ती मात्र पाणीवाल्याच्या गिऱ्हाइकाची. तो गिऱ्हाईक लिटरमागं नळाच्या दराच्या कित्येक पट देतो. शहर आपल्याच खालून पाणी का पितं, हा प्रश्न तांत्रिक वाटतो. त्याचं उत्तर पाणीपुरवठ्याच्या खात्यात मिळतं. 1997 मध्ये शहराचं नळपाणी एका फ्रेंच आणि एका ब्रिटिश कंपनीच्या हाती 25 वर्षांच्या करारानं सोपवलं गेलं. तो करार 2023 च्या सुरुवातीला संपला तेव्हाही शहराच्या सुमारे एकतृतीयांश भागाला नळ पोचलेला नव्हता.

लाकडी खुंट. जमिनीखालचे, म्हणून न दिसणारे. 1695 साली तटाबाहेर बांधलेलं सियोन चर्च अजून उभं आहे, जकार्तातलं सगळ्यात जुनं. ते पोर्तुगीज बोलणाऱ्या, बहुधा गुलामीतून सुटलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी उभारलं गेलं. त्यांत बंगाल, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरून आणलेले पुष्कळ जण होते. बटाव्हियाच्या घडणीत आपल्या किनाऱ्यांचा घाम असा मुरला आहे. या चर्चच्या पायात सुमारे 10,000 लाकडी खुंट ठोकल्याचं परंपरेनं सांगतात. लाकूड कायम पाण्यात बुडालेलं असलं की शतकानुशतकं टिकतं, कारण तिथं हवा पोचत नाही आणि कुजवणारी बुरशी जगत नाही. पाण्याची पातळी खाली गेली, खुंटाचं डोकं उघडं पडलं, की तेच लाकूड काही दशकांत भुसा होतं. लाकडी पायावरच्या शहरांना पाणी वर आलं तर भीती, आणि खाली गेलं तर त्याहून मोठी. युरोपातल्या कित्येक शहरांना हा धडा खर्चिक पडला आहे.

कोठडी. फताहिल्लाह चौकातली नगरपालिकेची जुनी इमारत, 1707 ते 1710 मध्ये बांधलेली, आता शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तिच्या खालच्या अंगाला अर्धवट जमिनीत गाडलेल्या, ठेंगण्या, कमानीच्या कोठड्या आहेत. तिथं कैद्यांना कोंबत. डचांविरुद्ध पाच वर्षं लढलेल्या दिपोनेगोरोला 1830 मध्ये हद्दपारीआधी याच इमारतीत ठेवलं होतं, कोठडीत नव्हे, वरच्या मजल्यावर. पर्यटक वाकून कोठड्या पाहतात, छायाचित्रं काढतात, बाहेर येऊन आइस्क्रीम खातात. या कोठड्या जमिनीत आणखी किती जातील याची कुणाला हळहळ वाटायचं कारण नाही, असं एकदा वाटतं. पण वाईट गोष्टींचा पुरावासुद्धा तळमजल्यावरच असतो.

मनोरा. बंदर अधिकाऱ्याचा, 1839 साली जुन्या तटाच्या बुरुजावर बांधलेला, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवण्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांजुंग प्रिओकचं नवं बंदर सुरू झालं आणि मनोऱ्याचं काम संपलं. तो आता झुकला आहे. झुकाव डोळ्यांना दिसतो. समोरून कंटेनरचे ट्रक गेले की तो थरथरतो, म्हणून लोक त्याला हलणारा मनोरा म्हणतात आणि हौसेनं चढतातही. सारखं खचणं इमारतीला फारसं बाधत नाही. असमान खचणं बाधतं. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा चार बोटं जास्त खाली गेला की चौकटी तिरक्या होतात, दारं अडकतात, कमानीच्या माथ्यावर चीर जाते. इटलीतल्या पिसाचा मनोरा वाकडा म्हणून प्रसिद्ध झाला. जकार्ताच्या मनोऱ्याला ते भाग्य मिळेल असं वाटत नाही, कारण भोवतीचं सगळंच थोडं थोडं वाकडं आहे.

गोदाम. मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर डच ईस्ट इंडिया कंपनीची पश्चिमेकडची गोदामं. पहिली 1652 च्या सुमाराची, पुढं वाढवलेली. जाड भिंती, जाडजूड तुळया, लाकडी झडपांच्या ओळीच्या ओळी. जायफळ, मिरी, कॉफी, चहा, कापड. 1977 पासून तिथं सागरी संग्रहालय आहे. 16 जानेवारी 2018 ला त्याच्या एका भागाला आग लागली. पाण्यानं घेरलेल्या वास्तूला आगीनं गाठावं हा योग विचित्र, पण आगीचं नुकसान एका दिवसात दिसतं आणि लगेच दुरुस्तीला पैसा मिळतो. लोण्याचं तसं नाही. खारं पाणी विटेतून वर चढतं, वाळतं, मीठ मागं ठेवतं; मिठाचे खडे विटेच्या आतच फुगतात आणि गिलावा पापुद्र्यापापुद्र्यानं उतरवतात. किनाऱ्यावर जुनं घर सांभाळलेल्या माणसाला लोणा लागलेली भिंत म्हणजे काय ते ठाऊक असतं. त्यावर सिमेंट थापणं हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत वाईट उपाय, कारण मग पाणी बाहेर पडायला जागा न मिळाल्यानं भिंतीत आणखी वर चढतं.

किल्ला. हा आता नाहीच. आणि आपल्या दृष्टीनं या जंत्रीत सगळ्यात जवळचा हाच. शिवकालाचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकाला डाग रजिस्टर ठाऊक असतं. बटाव्हियाच्या किल्ल्यात रोजच्या रोज लिहिली जाणारी ती दप्तरनोंद. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. तिथले डच शिवाजी महाराजांच्या हालचाली, कोकणातल्या घडामोडी पत्रांतून कळवत, आणि ती पत्रं शेवटी समुद्र ओलांडून या किल्ल्यात पोचत. 1809 च्या सुमारास गव्हर्नर जनरल डेंडल्सनं किल्ला पाडून टाकला. अठराव्या शतकात बटाव्हियात तापानं माणसं इतकी मरत की शहराला युरोपीयांचं कबरस्तान म्हणत. 1733 नंतर तर फारच. किनाऱ्यालगत काढलेल्या मत्स्यतळ्यांत डास वाढले हे त्याचं एक कारण मानतात. डेंडल्सनं कारभार दक्षिणेला, कोरड्या जमिनीवर नेला आणि किल्ल्याचे दगड-विटा नव्या बांधकामाला वापरले. म्हणजे पाण्याला कंटाळून या शहरातून राजधानी उचलून न्यायची सध्याची खेप (ती पुढं येईल) पहिली नाही. दोन्ही टोकांपैकी आज वेंगुर्ल्याची वखार पडकी का होईना, उभी आहे. ती जिथं अहवाल पाठवायची तो किल्ला गेला.

ट्रामचे रूळ. 1869 मध्ये बटाव्हियात घोड्यांची ट्राम धावू लागली, नंतर वाफेची, नंतर विजेची. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती बंद पडली आणि रूळ उखडण्याऐवजी त्यांच्यावर डांबर ओतलं गेलं. गेल्या काही वर्षांत ग्लोडोक ते कोता भुयारी मेट्रोसाठी खणताना ते रूळ सापडले. जुन्या शहरात नवी गोष्ट बांधायला खणलं की जुनी वर येते, हे आपल्यालाही नवं नाही.

समुद्र. हो, तोही. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला समुद्र दिसत नाही. काँक्रीटची भिंत घातली आहे. भरतीच्या वेळी भिंतीबाहेरचं पाणी आतल्या रस्त्याच्या वर असतं. गल्लीत उभं राहिलं तर पलीकडच्या होड्या डोक्याच्या उंचीवर तरंगतात. नोव्हेंबर 2007 मध्ये मोठ्या भरतीला पाणी भिंत ओलांडून मुआरा बारूत शिरलं. मग भिंत वाढवली. भिंतही त्याच मातीवर उभी आहे, तीही खचते, पुन्हा वाढवावी लागते. डिसेंबर 2019 मध्ये एका ठिकाणी नव्या भिंतीचा तुकडा कोसळला.

मशीद. भिंतीच्या बाहेर राहिलेली. मुआरा बारूची वाल अधुना मशीद या शतकाच्या सुरुवातीला वापरातून गेली. जमीन बसली, पाणी आलं, आणि भिंत बांधायची वेळ आली तेव्हा मशीद समुद्राच्या बाजूला पडली. आत खांबांच्या मध्यापर्यंत पाणी, भिंतींवर शेवाळ. जगभरचे छायाचित्रकार तिथं येतात. बुडत्या जकार्तावरच्या बहुतेक लेखांत तिचं चित्र असतं. ती फार जुनी नाही, तिच्यात वास्तुशास्त्रीय असं काही विशेष नाही. पण शहर खचण्याची चित्रं जुन्या वास्तूंचीच असावीत, हा आपल्यासारख्या वारसाप्रेमींचा हट्ट तिनं मोडून काढला. गरिबांची मशीद पन्नास वर्षांतसुद्धा पुरातन होऊ शकते.

जवळच लुआर बातांगची मशीद आहे, अठराव्या शतकातली. तिथं हबीब हुसेन अलायद्रुस यांची कबर आहे आणि भाविकांची गर्दी आटत नाही. तिच्या शेजारची पासार इकान, म्हणजे मासळी बाजाराची वस्ती एप्रिल 2016 मध्ये पाडली. समुद्रभिंत आणि पर्यटन या कारणांसाठी. तिथल्या काहींनी ढिगाऱ्यावरच झोपड्या बांधून तग धरला, आणि 2021 मध्ये तिथल्याच कांपुंग अक्वारियममध्ये त्यांच्यासाठी इमारती उभ्या राहिल्या. वारसा वाचवण्याच्या नावाखाली आधी माणसं हलवायची, ही रीत सगळीकडे आहे. इथं निदान काही जण परत आले.

नदीचा उतार. कागदावर नोंदायला अवघड, तरी नोंदतो. शहरातून 13 नद्या वाहतात. नदी समुद्राला मिळते कारण समुद्र तिच्यापेक्षा खाली असतो. उत्तर जकार्ताच्या काही भागांत तो तसा राहिलेला नाही. गटारांचा उतार गेला, कालव्यांचा गेला. मग पाणी तलावात साठवून पंपानं वर समुद्रात फेकायचं. प्लुइटचा तलाव आणि त्याचे पंप हे त्या भागाचं दुसरं हृदयच. जानेवारी 2013 च्या पुरात ते पंपच पाण्याखाली गेले आणि अख्खा परिसर दिवसेंदिवस बुडून राहिला. शहराच्या सुमारे 40 टक्के भागाची पातळी समुद्रसपाटीखाली आहे, हे वाक्य वाचताना डोळ्यांसमोर पंप आणावा. वीज गेली तर काय, हा प्रश्न तिथं विनोदाचा नाही.

जुन्या शहराची मधली कालवानदी काली बेसार. तिच्यावर 1628 च्या सुमारास प्रथम बांधलेला, नंतर अनेकदा बदललेला कोता इंतानचा लाकडी पूल. तो उचलता येत असे, खालून होड्या जात. आता तो उचलत नाहीत. पाण्याची वाहतूक संपली, पूल शोभेला राहिला.

सर्वेक्षकाची खूण. दगडात कोरलेली उंचीची खूण, जिच्यावरून बाकी सगळ्या उंच्या मोजायच्या. 1926 मध्ये शेपर्स नावाच्या डच सर्वेक्षकाच्या मोजणीत जमीन खचत असल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं. त्याच्याकडं पाहायला कुणाला सवड नव्हती. 1978 मध्ये तामरिन रस्त्यावरच्या सारीना या मोठ्या दुकानाला आणि एका पुलाला भेगा गेल्या तेव्हा विषय पुन्हा निघाला. मधली बावन्न वर्षं शहर खाली जात होतं आणि त्याची चर्चा नव्हती. शिवाय खुणेचा दगडसुद्धा खचतोच. सगळं शहर एकत्र खाली जात असेल तर शहराच्या आतून ते मोजता येत नाही. म्हणून हल्ली ती मोजणी उपग्रहांच्या आधारानं होते.

आता सेमारांगचा फाटा. मध्य जावाची ही बंदरनगरी जकार्तापेक्षा लहान, पण दुखणं तेच आणि नेमकं जुन्या वस्तीत. 1753 च्या ब्लेंडुक चर्चचा फुगीर घुमट, भोवती डच कचेऱ्या, आणि 1914 चं तावांग रेल्वे स्थानक. तिथल्या लोकांच्या तोंडी रोब हा शब्द पावसासारखा सहज असतो: पाऊस नसताना, स्वच्छ उन्हात, भरतीबरोबर रस्त्यावर येणारं पाणी. स्थानकात पाणी येई म्हणून समोर पाणी साठवायचा तलाव खणला, पंप बसवले. जुनं शहर त्यानं सुधारलं, कॅफे आले, लग्नाआधीची छायाचित्रं काढायला जोडपी येऊ लागली. त्याच किनाऱ्यानं पूर्वेला देमाक जिल्ह्यात गेलं की तिंबुलस्लोकोसारखी गावं लागतात, जिथं भातशेती आधी कोळंबीची तळी झाली आणि तळ्यांचा समुद्र झाला. लोक लाकडी फळ्यांच्या वाटांवरून घरोघर जातात. त्यांनी आपली दफनभूमी भराव घालून उंच केली. जिवंत माणसांची घरं उंच करायला पैसे पुरत नसताना, मेलेल्यांसाठी त्यांनी ते जमवले.

राजधानी. जंत्रीतली सगळ्यात जड वस्तू. 26 ऑगस्ट 2019 ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी ती बोर्निओच्या पूर्व किनाऱ्यावर, पुढं नुसांतारा नाव दिलेल्या जागी न्यायची घोषणा केली. कारणांत खचणं होतं, पूर, कोंडी, जावावरचा भार हेही होतं. मंत्रालयं हलतील, पाच-दहा लाख माणसं हलतील. जकार्ता शहरात एक कोटीहून जास्त लोक आहेत, आजूबाजूची शहरं धरली तर तीन कोटींच्या घरात. ते हलणार नाहीत. मुआरा बारूतला मच्छीमार बोर्निओच्या जंगलात काय करील? राजधानी हलवणं म्हणजे खचण्यावरचा उपाय, असं कुणी म्हणालं तर त्याला डेंडल्सची आठवण करून द्यावी. त्यानंही साहेबलोक हलवले होते. रयत तिथंच तापानं मरत राहिली.

दुसरा उपाय भिंतीचा. एके काळी जकार्ताच्या उपसागरावर गरुडाच्या आकाराचा प्रचंड बांध काढला होता, चित्रं फार सुंदर होती. आताच्या सरकारच्या योजनेत बांतेनपासून पूर्व जावातल्या ग्रेसिकपर्यंत सुमारे 500 किलोमीटरची भिंत आहे आणि खर्चाचा अंदाज 80 अब्ज डॉलरच्या आसपास सांगितला जातो. भिंत लागेल, त्यात शंका नाही. ज्या वस्त्या आजच समुद्राखाली आहेत त्यांना दुसरा आडोसा नाही. पण भिंतीच्या आत खोल विंधणी चालू राहिल्या तर भिंतीची उंची कधीच पुरणार नाही, आणि बाहेर न जाऊ शकणारं तेरा नद्यांचं पाणी आतच राहील.

खचणं थांबवलेली शहरं आहेत. टोकियोचा पूर्वेकडचा सखल भाग विसाव्या शतकात काही ठिकाणी 4 मीटरहून जास्त खाली गेला होता. 1956 आणि 1962 च्या कायद्यांनी कारखान्यांच्या आणि मोठ्या इमारतींच्या भूजल-उपशावर बंधनं आली, त्यांना दुसरं पाणी पुरवण्यात आलं, आणि 1970 च्या दशकात खचणं जवळजवळ थांबलं. व्हेनिसशेजारच्या मारगेरातल्या कारखान्यांचा उपसा त्याच दशकात बंद केल्यावर तिथलाही वेग उतरला. दोन्हीकडं भूजलाऐवजी नळाचं पाणी आलं. त्याची चित्रं गरुडाच्या बांधाइतकी देखणी नसतात, म्हणून त्याची उद्‌घाटनंही गाजत नाहीत.

जकार्तानंही आता तो रस्ता धरला आहे. 2021 च्या राज्यपालांच्या आदेशानं शहरातले काही भाग भूजलमुक्त ठरवले आणि तिथल्या मोठ्या इमारतींना 1 ऑगस्ट 2023 पासून विंधणीचं पाणी वापरायला बंदी केली. सगळ्या शहराला नळाचं पाणी 2030 पर्यंत देण्याचं उद्दिष्ट आहे. या शहरात नळ आधी यायला हवे होते आणि भिंत नंतर. शेपर्सच्या मोजणीला 2026 मध्ये शंभर वर्षं होतात. तेवढ्या उशिरानं का होईना, क्रम सुधारला तर गोदाम आणि मनोरा राहतील, किनाऱ्यावरची माणसं राहतील. पाणीवाला तेवढा जाईल.